सब-बँड कोडिंग : पट्टे पाडल्याने आवाज आटतो कसा? आणि माझ्या कोडेकमधला उलटा सूर

अर्धमात्रा
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, एकाच जागी अडकले आहे. सब-बँड कोडिंग, म्हणजे आवाजाचे वारंवारतेनुसार पट्टे पाडून तो कमी बिटांत मांडणं, नीट समजावं म्हणून बोलण्यासाठी दोन पट्ट्यांचा एक छोटा कोडेक (आवाज आटवून परत उलगडणारा प्रोग्राम) स्वतः लिहायला घेतला. सेकंदाला १६,००० नमुने (आवाजाची मोजमापं), म्हणजे ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. एका फिल्टरने ० ते ४ वेगळं केलं, दुसऱ्याने ४ ते ८. दोन्हींतला एकाआड एक नमुना गाळला. डीकोडरमध्ये (परत उलगडणाऱ्या भागात) गाळलेल्या जागी शून्य भरून, परत फिल्टर लावून दोन्ही पट्ट्यांची बेरीज.

प्रश्न दोन आहेत.

एक. ८,००० अधिक ८,००० म्हणजे पुन्हा १६,०००च. नमुने होते तेवढेच राहिले. मग बचत नेमकी कुठून होते?

दोन. अजून एकही बिट कमी केलेला नाही. नुसतं तोडलं आणि जोडलं. तरी 'स' आणि 'श' खरखरीत येतात. हळूहळू चढत जाणारा एक सूर चाचणीसाठी दिला, तर ४ किलोहर्ट्झजवळ भलताच दुसरा सूर ऐकू येतो, आणि तो खाली उतरत जातो! फिल्टर ३२ लांबीचा (एका वेळी ३२ नमुने जोखणारा) होता, तो ६४ केला, मग १२८. त्रासाचा भाग अरुंद झाला, पण गेला नाही.

कुणी हात घातलाय का यात?

चौकस
फिल्टर अजून धारदार कर. ५१२ घेऊन बघ. पट्टे एकमेकांत मिसळतात म्हणून हे होतं.

नादब्रह्म
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं जाणत्यांवर सोडतो.

नुसते पट्टे पाडून काहीही वाचत नाही, हे तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. वाचतं ते बिटांच्या वाटपात. समज खालच्या पट्ट्यात वरच्यापेक्षा शंभरपट शक्ती आहे. बोलण्यातल्या स्वरांत एवढा फरक सहज असतो. पट्टे पाडले नाहीत, तर प्रत्येक नमुन्याला त्या मोठ्या शक्तीच्या मापाचे बिट द्यावे लागतात. पाडले, की वरच्या किरकोळ पट्ट्याला थोडक्यात भागवता येतं.

मोजमाप असं : दोन्ही शक्तींची साधी सरासरी (१०० + १) / २ = ५०.५. भूमितीय सरासरी म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ = १०. दोन्हींचं गुणोत्तर ५.०५, म्हणजे सुमारे ७ डेसिबल. एका बिटाला साधारण ६ डेसिबल हा आपला नेहमीचा हिशेब. म्हणजे त्याच दर्जासाठी नमुन्यामागे सरासरी एकाहून थोडा जास्तच बिट वाचला. सेकंदाला १६,००० नमुन्यांवर ही बचत १६ किलोबिटच्या वर जाते.

आता दोन्ही पट्ट्यांत सारखी शक्ती असेल तर? दोन्ही सरासऱ्या सारख्या, गुणोत्तर १, फायदा शून्य. शुद्ध पांढऱ्या गोंगाटाचे (ज्यात सगळ्या वारंवारता सारख्याच जोरात असतात) हवे तेवढे पट्टे पाड, हाती काही लागणार नाही. सिग्नल मुळात असमान वाटलेला असतो, आणि आपल्याला मिळतं ते त्या असमानतेतून.

अर्धमात्रा
नादब्रह्म, हे इतकं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. वहीत उतरवून घेतलं. चौकस, ५१२ आत्ताच करून बघितला. उलटा सूर फारच अरुंद भागात राहिला, पण आहे. शिवाय आता प्रत्येक 'ट' आणि 'क'च्या आजूबाजूला बारीक झंकार येतोय.

चौकस
मग माझं निदान चुकलं. झंकार मात्र धारदार फिल्टरचाच आहे. तेवढी धार दिली की तो काळात पसरतोच.

जुनाजाणता
या विषयावर धागा निघालेला पाहून फार बरं वाटलं. नोकरीची बरीच वर्षं सभांच्या टेलिफोन यंत्रणांवर गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

बोलण्यासाठी सब-बँड कोडिंग १९७६ साली मांडलं गेलं. बेल लॅब्जमधले क्रोशिअर, वेबर आणि फ्लॅनागन. त्याच सुमारास क्रॉयझिए, एस्तबान आणि गालाँ यांनी ती क्लृप्ती काढली, जिच्यावर हे सगळं उभं आहे : क्वाड्रेचर मिरर फिल्टर. आरशातली प्रतिमा असावी तसे एकमेकांचे दोन फिल्टर. अर्धमात्रा, तुझा दुसरा प्रश्न याच क्लृप्तीचा आहे. त्यावर परत येतो.

१९८८ साली जी.७२२ हे मानक आलं. तू जे लिहिते आहेस ना, जवळपास तेच. १६ किलोहर्ट्झ, दोन पट्टे, फिल्टर फक्त २४ लांबीचा. खालच्या पट्ट्याच्या नमुन्याला ६ बिट, वरच्याला २. आठ हजार गुणिले सहा म्हणजे ४८ किलोबिट, आठ हजार गुणिले दोन म्हणजे १६, बेरीज ६४. साध्या टेलिफोनच्या डिजिटल वाहिनीला जेवढी जागा लागायची तेवढीच. पण त्या साध्या वाहिनीत ३.४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असायचं, आणि इथे ७ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हाची गोष्ट सांगतो. पलीकडून एक सहकारी नावांची यादी वाचत होता. जुन्या वाहिनीवर 'स' की 'फ' हे आम्ही निम्मं अंदाजाने लिहून घ्यायचो. त्या दिवशी एकदाही "परत सांगा" म्हणावं लागलं नाही. वरच्या पट्ट्याला मिळालेल्या नमुन्यामागच्या दोन बिटांची करामत. तेव्हापासून या तंत्रावर माझा जीव आहे.

साधाश्रोता
मी तंत्रज्ञ नाही, पण वाचतोय. हे सगळं आता जुनं झालं का? कुठे वापरात आहे अजून?

दशांश
@साधाश्रोता, तुमच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आहे. नेहमीच्या (क्लासिक) ब्लूटूथवर संगीतासाठी सगळ्या उपकरणांना जो कोडेक समजलाच पाहिजे असा नियम आहे, त्याचं नावच एसबीसी, म्हणजे सब-बँड कोडेक. तो ४ किंवा ८ पट्टे पाडतो. अ‍ॅप्टएक्सही याच घरातला : ४ पट्टे, आणि प्रत्येकात नमुन्यांमधल्या फरकाचं कोडिंग.

नादब्रह्म यांच्या प्रतिसादातलं गणित बरोबर आहे, पण भर चुकीच्या जागी पडतोय असं मला ठामपणे वाटतं. असमानतेतून मिळणारा तो फायदा पट्टे न पाडताही मिळतो. आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचं भाकीत करा आणि फक्त चूक पाठवा, तत्त्वतः तेवढीच बचत होते. पट्ट्यांचं खरं बळ वेगळं आहे. ज्या पट्ट्यात बिट कमी केले, त्या पट्ट्यातच त्याचा गोंगाट राहतो. बाहेर सांडत नाही.

कानाला हे का महत्त्वाचं? मोठा सूर आपल्या शेजारच्या वारंवारतेचे बारीक आवाज झाकून टाकतो. यालाच मास्किंग म्हणतात. त्या सुराच्या सावलीत मावेल तेवढा गोंगाट तिथे खुशाल करता येतो. पण तो त्याच जागी राहील याची खात्री हवी, आणि ती खात्री पट्टे देतात. एमपेग-१च्या ऑडिओ मानकात ३२ सारखे पट्टे आहेत. कोणत्या पट्ट्यात किती गोंगाट चालेल हे कानाच्या गणिती प्रतिकृतीवरून आवाजाच्या दर छोट्या तुकड्याला ठरतं. काही पट्ट्यांना तर शून्य बिट मिळतात.

नादब्रह्म
दशांश, मान्य. पण मास्किंगचं म्हणणं संगीताला जास्त लागू पडतं. जी.७२२मध्ये कानाची अशी प्रतिकृती नाही, वाटप ६ आणि २ असं कायमचं ठरलेलं आहे. तरी जुनाजाणता काकांना 'स' ऐकू आला.

दशांश
तेही त्याच कारणाने! वरच्या पट्ट्याचा दोन बिटांचा भरड गोंगाट खालच्या पट्ट्यातल्या स्वरांवर आला असता, तर नुसता किचकिचाट झाला असता. तो वरच राहिला, 'स'च्या सळसळीत मिसळून गेला.

नादब्रह्म
हे पटलं.

चौकस
मला एक खटकतं. ३२ सारखे पट्टे म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला प्रत्येक पट्टा सुमारे ६८९ हर्ट्झ रुंद. पण खालच्या सुरांना कानाचे स्वतःचे पट्टे साधारण १०० हर्ट्झचे असतात. म्हणजे सगळ्यात खालच्या एका पट्ट्यात कानाचे सहा-सात पट्टे कोंबले. ही कसली रचना?

दशांश
तो दोष खराच आहे, आणि एमपी-३ म्हणजे त्यावरची दुरुस्ती. प्रत्येक पट्ट्याचे अजून १८ भाग, एकूण ५७६. आता प्रत्येक भाग सुमारे ३८ हर्ट्झचा. पण त्याची किंमत मोजावी लागते. वारंवारतेत जेवढं बारीक कापाल, तेवढं काळात पसरतं. टाळीसारखा एकदम उठणारा आवाज आला, की त्याचा गोंगाट टाळीच्या आधीच सुरू होतो. म्हणून अशा जागी एमपी-३ १८ ऐवजी ६ भागांवर येतो. मला विचाराल तर या कलेतली सगळ्यात अवघड निवड हीच : कुठे बारीक कापायचं आणि कुठे जाडंभरडं.

पिक्सेलवेडी
सगळे कानाचंच बोलताय, डोळ्यांचंही ऐका! चित्रातही हेच चालतं, फक्त आडवे आणि उभे असे दोनदा पट्टे पाडायचे. मग चार तुकडे होतात : एक लहान अंधूक चित्र, आणि आडव्या, उभ्या व तिरक्या कडांचे तीन. अंधूक तुकड्याचे परत चार, त्याचे परत चार. वुड्स आणि ओ'नील यांनी १९८६ साली चित्रांवर हे करून दाखवलं. पुढे इंग्रिड दोबशी आणि स्तेफान माला यांच्या वेव्हलेटच्या (छोट्या लाटांत सिग्नल मोडण्याच्या गणिताच्या) कामाने त्याला पक्का गणिती पाया मिळाला.

मला हे कळलं ते कागदावर आठ आकडे मांडल्यावर. जेपेग २००० (वेव्हलेटवर चालणारं चित्रांचं मानक) मधला ५/३ हा साधा फिल्टर घ्या. पिक्सेलची एक ओळ, मध्ये एक कड :

२० २० २० २० ९० ९० ९० ९०

पायरी पहिली. दुसरा, चौथा, सहावा, आठवा पिक्सेल घ्या आणि त्यातून दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी वजा करा. दुसरा : २० − २० = ०. चौथा : २० − (२० + ९०)/२ = −३५. सहावा ०. आठव्याला उजवा शेजारी नाही, म्हणून डावाच आरशात दोनदा धरा, तोही ०. वरचा पट्टा तयार : ० −३५ ० ०. चारपैकी तीन शून्यं, आणि कड जिथे आहे तिथे बरोबर एक आकडा!

पायरी दुसरी. उरलेल्या पिक्सेलमध्ये शेजारच्या दोन फरकांची बेरीज अधिक २, भागिले ४, एवढं मिळवा. अपूर्णांक आला तर खालच्या पूर्णांकावर या. मिळतं : २० ११ ८१ ९०. हा खालचा पट्टा, म्हणजे निम्म्या आकाराचं चित्र.

परत यायचं तर पायऱ्या उलट्या चढा आणि जे मिळवलं होतं तेच वजा करा. खालचा पूर्णांक घेताना जे गळलं, तेच परत येताना गळतं, म्हणून आठही आकडे जसेच्या तसे मिळतात. एकही बिट हरवत नाही. मी पहिल्यांदा हे हाताने करून पाहिलं, तेव्हा ओळी बदलून बदलून वीसेक वेळा केलं असेल.

साधाश्रोता
मीही कागद घेऊन केलं. परत २० २० २० २० ९० आलं! पण मग चित्रं नेहमीच्या जेपेगमध्येच का असतात?

पिक्सेलवेडी
नेहमीचं जेपेग सोपं, हलकं आणि सगळीकडे आधी पोचलेलं होतं. पण जिथे दर्जा सोडून चालत नाही तिथे पट्टेच आहेत. अमेरिकेच्या एफबीआयने बोटांच्या ठशांसाठी ६४ पट्ट्यांची वेव्हलेट पद्धत घेतली आणि सुमारे १५ पट आकार कमी केला. जेपेग ८ × ८ चे चौकोन पाडतं. जास्त दाबलं की चौकोनांच्या कडा दिसू लागतात, आणि ठशातल्या बारीक रेषा नेमक्या तिथेच तुटल्यासारख्या वाटतात.

चित्रपटगृहात डिजिटल प्रतीची प्रत्येक चौकट जेपेग २००० असते, कमाल २५० मेगाबिट प्रति सेकंद. यातलं माझं सगळ्यात आवडतं : ४केची फाइल २के, म्हणजे निम्म्या रुंदी-उंचीच्या चित्राच्या प्रोजेक्टरला दिली, तर तो सगळ्यात वरचे पट्टे नुसते सोडून देतो. वेगळी प्रत लागत नाही. लहान चित्र मोठ्याच्या पोटातच असतं.

चौकस
इतकं छान आहे तर व्हिडिओत का नाही चाललं? फोनवर जे बघतो ते सगळं चौकोनांवरच चालतं. माझ्या मते वेव्हलेटचं कौतुक जरा जास्तच होतं.

दशांश
व्हिडिओत प्रयत्न झाले. कार्लसन आणि व्हेटर्ली यांनी १९८८ साली काळालाही तिसरी दिशा धरून पट्टे पाडले. पुढे बीबीसीने वेव्हलेटवर डिराक हा कोडेक केला. अडचण हालचालीत आहे. पट्टे पाडून एकाआड एक नमुना गाळला, की तीच वस्तू एक पिक्सेल सरकल्यावर पट्ट्यांतले आकडे पार वेगळे येतात. मागच्या चौकटीतल्या पट्ट्यावरून पुढच्याचं भाकीत नीट करता येत नाही. हालचाल आधी, पिक्सेलवरच भरून काढली, तर तिचे चौकोन असतात. त्या चौकोनांच्या कडा वेव्हलेटच्या लांब, एकमेकांवर चढणाऱ्या फिल्टरला नकोशा वाटतात. चौकोनी भाकिताला चौकोनी रूपांतरच बसतं. त्यामुळे तंत्र कमी प्रतीचं ठरत नाही. शेजाऱ्याशी त्याचं जुळत नाही, एवढंच.

पिक्सेलवेडी
चौकस, कौतुक जास्त होतं हे मला मान्य नाही. पण दशांश यांनी सांगितलेली अडचण खरी आहे.

अर्धमात्रा
चर्चा वाचून खूप मिळतंय. माझा उलटा सूर मात्र अजून तिथेच आहे. :(

जुनाजाणता
परत येतो म्हणालो होतो. ताई, आधी एक सांगतो : उलटा सूर येणं ही चूक नाही. तो दोन्ही पट्ट्यांत असायलाच हवा!

४.१ किलोहर्ट्झचा सूर घे. कुठलाही खरा फिल्टर ४ वर कात्रीने कापल्यासारखा थांबत नाही, त्यामुळे ४.१ थोडासा खालच्या पट्ट्यातही उतरतो. एकाआड एक नमुना गाळला की तो ३.९ होऊन बसतो. वरच्या पट्ट्यात तो हक्काने आहे, आणि गाळल्यावर तिथेही ३.९च होतो. डीकोडरमध्ये शून्यं भरली की दोन्हींतून ४.१ आणि ३.९ अशा जोड्या निघतात. मिरर फिल्टरची करामत अशी, की बेरीज करताना दोन्हींतले ४.१ एका दिशेचे असतात आणि ३.९ उलट दिशांचे. खरे एकमेकांना बळ देतात, खोटे एकमेकांना खाऊन टाकतात. जी.७२२ला २४ लांबीचा फिल्टर पुरतो तो यामुळेच. गळती थांबवायचीच नाही, दोन्ही बाजूंनी सारखी होऊ द्यायची.

तुझ्याकडे खाणं होत नाहीये. डीकोडरमधल्या वरच्या फिल्टरला उणे चिन्ह द्यावं लागतं. ते राहिलंय का? आणि चढता सूर ४ जवळ येताना मूळ सूर दबतो का?

अर्धमात्रा
काका, उणे चिन्ह आहे, दोनदा पाहिलं. पण मूळ सूर दबतो, अगदी बरोबर! ४ वर जवळपास नाहीसाच होतो. ४.१ दिला तर ३.९च जास्त ऐकू येतो.

जुनाजाणता
हे तर हुबेहूब चिन्ह चुकल्याचं लक्षण आहे. फिल्टरची लांबी सम आहे ना? विषम असेल तर चिन्ह बरोबर असूनही मध्ये खड्डा पडतो.

अर्धमात्रा
सम आहे. ६४.

दशांश
चिन्ह आहे, तरी ते नसल्यासारखं वागतंय. मग कुठेतरी त्या चिन्हावर आणखी एक उणे बसतंय. दोन्ही पट्टे एकाच क्षणापासून सुरू होतात का ते बघा. गाळल्यानंतरचा एक नमुना म्हणजे मूळ दोन नमुने. १६ किलोहर्ट्झला ४ किलोहर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन चार नमुन्यांचं असतं. दोन नमुन्यांचा उशीर म्हणजे अर्धं आवर्तन. आणि अर्धं आवर्तन सरकलं की लाट उलटते. नेमकं उणे चिन्ह! ४ पासून दूर सगळं ठीक वाटेल, कारण दोन नमुन्यांचा उशीर कानाला कळत नाही.

जुनाजाणता
वा! दशांश, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अर्धमात्रा, लगेच बघ.

अर्धमात्रा
सापडलं!!

वरच्या पट्ट्याची रांग भरताना मोजणी १ पासून सुरू होती, खालच्याची ० पासून. त्यामुळे वरचा पट्टा एक नमुना उशिरा निघत होता. तीन आठवडे फिल्टर लांब करत बसले, आणि दोष फिल्टरमध्ये नव्हताच. एक आकडा बदलला. चढता सूर आता ४ वरून असा सरळ गेला, की तिथे जोड आहे हे कळतच नाही. 'स' स्वच्छ आला. फिल्टर परत ३२ लांबीचा केला, तरी स्वच्छच. झंकारही गेला.

दशांश, जुनाजाणता काका, तुमचे आभार कसे मानू?

आता बिट कमी करायला घेतले. खाली ६, वर २. बोलणं छान येतंय. पण चढता सूर दिला की ४ जवळ उलट्या सुराची अगदी पुसट रेघ परत दिसते. हे आता बरोबर आहे ना?

दशांश
बरोबर आहे. खाऊन टाकायला दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. वरच्या पट्ट्याला दोनच बिट दिले की त्याची बाजू थोडी बिघडते, आणि बिघडलेल्या भागाएवढं उरतं. बोलण्यात ते झाकलं जातं. शुद्ध सूर हीच त्याची सगळ्यात कडक परीक्षा.

जुनाजाणता
एक करून बघ ताई. वरच्या पट्ट्याला २ ऐवजी ३ बिट दे, खालच्याचा एक कमी कर, आणि डोळे मिटून दोन्ही ऐक. मग सांग तुझ्या कानाला कोणतं भावतं.

अर्धमात्रा
ऐकते आहे. 'श' वर ३ बिटांना जास्त गोड वाटतोय, पण 'आ' जरा खरबरीत झाला. मी ६ आणि २ वरच राहीन. आता चार पट्ट्यांकडे वळते, यावेळी सगळ्या रांगा ० पासून.